सांतानकाकांची डावी सीट

माणूस पहिल्यांदा भेटला की लोक त्याचं नाव विचारतात, गाव विचारतात, फार तर पगार विचारतात. आमचे सांतानकाका वजन विचारायचे.

मला त्यांनी ते विचारलं वटारच्या एसटी थांब्यावर, भर सकाळी, सगळ्या गावाच्या देखत. मी तेव्हा नुकतीच नंदाखालच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते आणि आईला घेऊन वटारला राहायला आले होते. नवी साडी, नवी पर्स, डोक्यात अबोलीचा गजरा आणि एसटीचा पत्ता नाही. तेवढ्यात ती लाल गाडी आली. दोनच सीटा, टप उघडा, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी, आणि आवाज असा की समोरच्या वखारीतल्या गड्यांनी केळीचे लोंगर खाली ठेवले. गाडी माझ्यासमोर थांबली. काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्या बघण्यात वावगं काही नव्हतं. आमची आई बाजारात भोपळा बघते तसं ते बघणं होतं.

"बाई, वजन किती?"

"काय?"

"वजन हो. किलोत."

"तुम्हाला काय करायचंय?"

"शाळेत सोडतो ना! पण आधी वजन. उगाच बसाल आणि माझी अलाइनमेंट बिघडवाल."

अलाइनमेंट म्हणजे काय हे मला तेव्हा कुठे ठाऊक? पण हेडमास्तर कडक, नोकरीचा पहिलाच आठवडा, आणि एसटी काही येण्याचं लक्षण नव्हतं. मी मुकाट्याने वखारीतल्या काट्यावर चढले. माझ्याआधी त्याच्यावर केळी होती, माझ्यानंतरही केळीच चढणार होती. वखारवाल्याने डोळे बारीक करून आकडा वाचला, "बावन्न."

"बावन्न!" काका ओरडले. "अरे, बावन्न! जराही इकडे नाही, तिकडे नाही!" त्यांनी टोपी काढली, क्रूसाची खूण केली आणि माझ्यासाठी गाडीचं दार असं उघडलं की गव्हर्नरीणबाईसुद्धा लाजली असती.

दुपारपर्यंत माझं वजन गावभर झालं. वर्गात गेले तर पोरांनी फळ्यावर ठळक ५२ लिहून ठेवलेला. घरी आईने कपाळाला हात लावला. "लोक पोरीचं वय लपवतात," म्हणाली, "आणि तू वजनाचा बोभाटा करून आलीस!" पण माझं मात्र चांगलंच झालं. त्या दिवसापासून अख्ख्या वटारमध्ये सांतानकाकांच्या गाडीत हक्काने बसणारी मी एकटीच.

आता ही असली गाडी आमच्या वाडीवस्तीत आली कुठून, हे सांगायला हवं. ती काकांनी घेतली नव्हती. ती त्यांच्या वाडीत येऊन आदळली होती. मुंबईचा कुणी हौशी शेठ विलायती रेसची गाडी घेऊन अर्नाळ्याच्या समुद्रावर हवा खायला निघाला, काकांच्या वाडीपाशी वळण आलं ते त्याच्या लक्षात आलं नाही, आणि गाडी सरळ माडावर. शेठला खरचटलंसुद्धा नाही. काका धावत बाहेर आले ते शेठकडे न बघता, गाडीकडे न बघता, माडाला मिठी मारून उभे. "माझ्या माडाचं काय?" म्हणाले. शेठ आधीच वैतागलेला. "माडाबदली गाडीच ठेव तुला!" असं म्हणून तो टांग्यात बसून गेला. रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलतो. पण शेठच्या बायकोने म्हणे घरी त्याला पुन्हा त्या गाडीत न बसण्याची गळ्याची शपथ घातली, आणि आठवड्याभरात त्याचा ड्रायव्हर गाडीची कागदपत्रं काकांच्या ओट्यावर ठेवून गेला. तो माड अजून उभा आहे. नारळही धरतो.

काका तेव्हा मुंबईत एका मोटार वर्कशॉपमध्ये फिटर होते. सुटीच्या दिवशी ठोकठोक करून त्यांनी गाडी उभी केली. नाक सरळ झालं, रंग चढला, इंजिन गुरगुरायला लागलं. पण माडाने जो रट्टा दिला होता तो तिच्या हाडात कुठेतरी राहिला तो राहिलाच. गाडी एका बाजूला ओढायची आणि टायर खायची. गाडीची चाकं रस्त्यावर एकमेकांना समांतर, सरळ चालली पाहिजेत. एखादं केसभर जरी तिरकं असलं तरी टायर अख्खा झिजत नाही, एकाच काठाला झिजतो. बाहेरून बघावं तर टायर गुटगुटीत, आणि आतल्या काठाला वाकून बघावं तर टक्कल. काकांना त्या टकलाचं वेड लागलं. पुढे नोकरी सोडून ते केळी आणि पानवेलीची वाडी बघायला गावातच राहिले, पण वेड काही सुटलं नाही.

त्यांची अलाइनमेंट करण्याची पद्धत म्हणजे एक सोहळाच असायचा. अंगण झाडून घ्यायचं, कोंबड्या हाकलायच्या, शेजारणींना कपडे वाळत घालायला बंदी. मग जाळी विणायचा नायलॉनचा दोरा चार खुंट्यांना ताणून गाडीच्या दोन्ही बाजूंनी बांधायचा आणि चाकापासून दोऱ्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजत काका तासन्‌तास पोटावर झोपून राहायचे. त्या वेळी कुणी शिंकलं तरी खैर नव्हती. एकदा फादर सहज घराला आशीर्वाद द्यायला आले आणि त्यांचा झगा दोऱ्याला लागला. काका खालूनच गरजले, "कोण रे तो गाढव?" नंतर कळलं तेव्हा माफी मागितली, पण दोरा पुन्हा ताणून झाल्यावर.

"दोरा खोटं बोलत नाही, बाई," हे त्यांचं पालुपद. माणसं बोलतात, गॅरेजवाले तर हमखास बोलतात, पण दोरा नाही.

टायर बघून बघून त्यांची नजर अशी झाली होती की त्यांना सगळीकडे झीज दिसायची. देवळाबाहेर किंवा चर्चबाहेर चपलांची रांग दिसली की हे तिथे उकिडवे बसलेच. एकेक चप्पल उलटी करून बघायचे. "ही कुणाची? डावी टाच बाहेरून गेलीय. कमरेत दोष आहे, डॉक्टरला दाखव." लोक चपला चोरीला जाण्यापेक्षा सांतानकाकांच्या हाती लागण्याला जास्त भ्यायचे. एका लग्नात त्यांनी नवऱ्यामुलाचे बूट बघितले आणि भर मांडवात नवरीच्या बापाला सांगितलं, "जावई डावीकडे ओढतो. पोरीला सांगा, उजव्या बाजूने चालत जा." नवरीचा बाप बिचारा पुढे वर्षभर जावयाच्या चालीकडे बघत बसला.

आणि मग ते वजन. काकांचं म्हणणं असं की रिकाम्या गाडीची अलाइनमेंट करणं हा शुद्ध गाढवपणा. "डोक्यावर हंडा घेतल्यावर बाई जशी चालते तशी रिकामी चालते काय?" असं ते विचारायचे. माणूस बसला की गाडी दबते, दबली की चाकं फाकतात. म्हणून ही असली नाजूक गाडी आत किती वजन बसणार ते धरूनच लावायची. अलाइनमेंट करताना ड्रायव्हरच्या जागी त्यांच्या स्वतःच्या वजनाची वाळूची गोणी असायची आणि डाव्या सीटवर बावन्न किलोची. त्यामुळे डावीकडे बसायचं तर बावन्न किलोच भरायला पाहिजे. कमी नाही, जास्त नाही.

आमचे हेडमास्तर एकदा मोठ्या ऐटीत गाडीकडे आले. त्रेसष्ट किलो. काकांनी नम्रपणे हात जोडले. "सर, अकरा किलो कमी करून या, मी थांबतो." आमच्या गल्लीतला शिंपी पेस्तू, पेलाभर पाण्यात बुडेल एवढा माणूस, त्याला तातडीने वसईला कोर्टात जायचं होतं. त्याला काकांनी नाही म्हटलं नाही. आतून वरवंटा आणला, कमी पडला म्हणून दुसरा आणला, आणि पेस्तू मांडीवर दोन वरवंटे घेऊन कोर्टात गेला. परत आला तेव्हा पायांना मुंग्या आलेल्या. तारखेचं काय झालं विचारलं तर म्हणाला, "तारीख गेली खड्ड्यात, आधी हे उतरवा."

माझं हे राजेपण मे महिन्यापर्यंत टिकलं. त्या वर्षी आंबा भरपूर आला होता, आणि मी काही संन्यासी नव्हे. जूनमध्ये शाळा उघडली, मी ऐटीत गाडीत बसले. काकांनी दहा पावलं गाडी नेली आणि ब्रेक मारला.

"बाई, काय खाल्लंत?"

"कुठे काय!"

"दोन किलो वाढलात. उतरा."

भर रस्त्यात उतरवलं हो मला! चिखलात! मी चिडून म्हटलं, "एकटे जाता तेव्हा सीट रिकामी असते ती चालते, आणि माझे दोन किलो चालत नाहीत?" काका गाडी सुरू करून गेले. मी हट्टाने भात सोडला आणि आषाढ संपेपर्यंत पुन्हा बावन्नवर आले. पण मी रागाने विचारलेला तो प्रश्न माझ्याच डोक्यात राहिला. कारण ते खरंच होतं. दहातल्या नऊ वेळा काका एकटेच फिरायचे. दोघांच्या वजनावर लावलेली गाडी एकटा माणूस चालवत होता, मग ती टायर खाणार नाही तर काय करणार?

आणि टायर म्हणजे काही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी पणती नव्हती. त्या मापाचा टायर आपल्या देशात मिळतच नसे. बोटीवर काम करणारा काकांचा चुलतभाऊ कधीतरी विलायतेहून एखादी जोडी आणायचा. तोही आता रिटायर होऊन घरी बसला होता. काकांकडे शेवटची एक जोडी उरली होती. ती माळ्यावर गोधडीत गुंडाळून, वर पावडर शिंपडून ठेवली होती. आमच्या आईने बाळंतपणात मला इतकं जपलं नसेल.

ती जोडी कशासाठी राखली होती, हे मात्र सगळ्या गावाला ठाऊक होतं. काकांची बायको, रेजिनाकाकू, कुवेतला नर्स होती. दोन वर्षांसाठी म्हणून गेली. मग आणखी दोन वर्षं, मग आणखी. काकांच्या धाकट्या बहिणींची शिक्षणं झाली, लग्नं झाली, घरावर स्लॅब पडला, आणि काकू दर वेळी महिनाभर येऊन "आता हे शेवटचं" म्हणून परत जायची. गेली तीन वर्षं तर तेवढीही सुटी मिळाली नव्हती. पहिल्यांदा गेली तेव्हा काकांनी याच गाडीतून तिला विमानतळावर सोडलं होतं. कायमची येशील तेव्हा याच गाडीतून घरी आणीन, असा शब्द दिला होता. आणि या नाताळाला ती खरोखरच कायमची येणार होती.

म्हणजे प्रश्न सरळ होता. गाडीला घातलेले टायर संपत आलेले, शेवटची जोडी माळ्यावर. ती घातली आणि गाडीने तीही खाल्ली, तर काकूला टॅक्सीतून यावं लागणार. काकांना ते मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं.

म्हणून ते ऑक्टोबरात मला घेऊन अंधेरीला गेले. तिथल्या एका गॅरेजमध्ये अलाइनमेंटचं नवं मशीन आलंय, दिवे लागतात, काटे फिरतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. मला कशाला, तर डाव्या सीटवर बसायला. दोरा खोटं बोलत नाही हे खरं, पण शेवटच्या जोडीच्या बाबतीत त्यांना दुसऱ्या डॉक्टरचं मत हवं होतं. मी शाळेतून रजा काढली. कारण काय लिहू, हेडमास्तरांना काय सांगू, शेवटी "प्रकृतीच्या कारणाने" लिहिलं. गाडीची प्रकृती, पण प्रकृतीच.

मशीनवाला माणूस हुशार होता. गाडीभोवती फिरला, टायरवर हात फिरवला आणि म्हणाला, "अंकल, आप ज्यादातर अकेले चलाते हो ना?"

काकांनी आरसा सरळ केला.

"टायर बता रहा है. अकेले का सेटिंग कर देता हूँ. टायर दुगना चलेगा."

"दो का करो," काका म्हणाले.

"दूसरा कौन? ये मॅडम?"

"नहीं."

"तो?"

"आनेवाली है," काका म्हणाले, आणि गाडीतून उतरून बाहेर जाऊन उभे राहिले. तो मशीनवाला माझ्याकडे बघायला लागला, मी मशीनकडे बघायला लागले. शेवटी त्याने खांदे उडवले आणि दोघांची सेटिंग केली.

परत येताना काका नाकासमोर बघून गाडी हाकत होते. जूचंद्रच्या मिठागरांपाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन तापलंय म्हणाले. ते काही तापलेलं नव्हतं. मला राहवेना. मी म्हटलं, "काका, तो माणूस खरं सांगत होता. आता एकट्याची सेटिंग करून घ्या. काकू आल्या की पुन्हा दोघांची करा. एका सकाळचं तर काम. टायर वाचतील."

"तुमचं बरोबर आहे, बाई."

"मग?"

"मग काय! एकदा बसलो होतो करायला. दोरा बांधला, डावीकडची गोणी उतरवली. आणि हात चालेना." ते स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसत राहिले. "गाडी पहिल्यांदा लावली ना, तेव्हा गोणी नव्हती. रेजिन बसली होती. अख्खी सकाळ सीटवर बसून वाल सोलत होती. मी खाली दोरा धरून, ती वरून सालं टाकतेय माझ्या डोक्यावर. वखारीच्या काट्यावर चढवलं होतं तिला आधी. बावन्न भरली. लाजली होती तुमच्यासारखीच."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. इतके दिवस मी समजत होते की बावन्न हा आकडा इंजिनाच्या कुठल्यातरी पुस्तकातून आलाय.

"एकट्याची केली," काका म्हणाले, "आणि गाडी मस्त सरळ चालायला लागली, तर? मग मला एकट्याचीच सवय होईल की हो."

माझे डोळे भरून आले. मिठागरावरच्या एका बाईला वाटलं गाडी बंद पडली, ती बांधावरून हाक मारून म्हणाली, "पानी पायजे काय गो?" आम्ही दोघंही तिच्या कळशीतलं पाणी प्यायलो आणि घरी आलो. त्या दिवसानंतर मी पुन्हा कधी सेटिंगची गोष्ट काढली नाही. आईने केलेला शिरासुद्धा मोजून खाल्ला. बावन्नपासून एक किलो इकडेतिकडे होणं मला आता परवडणार नव्हतं.

काकांनी मग एक जालीम उपाय काढला. शेवटची जोडी चढवली, मला सीटवर बसवून दोरा लावला, आणि गाडी लाकडाच्या ठोकळ्यांवर चढवून ठेवली. काकू येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. स्वतः सायकलवर फिरायला लागले. सायकलचीही चाकं दोरा लावून सरळ केली ते वेगळं. ज्या माणसाने पाणी भरायलासुद्धा गाडी काढली असती तो घामाघूम होऊन नंदाखालच्या चर्चला मिस्साला सायकलवरून जाताना बघून गाव हळहळलं. पेस्तू शिंपी मात्र म्हणाला, "वरवंटे तरी वाचले."

नाताळच्या आदल्या आठवड्यात काकू आली. विमान सकाळचं होतं. काका पहाटेच माझ्या दारात. "बाई, चला."

"कुठे?"

"विमानतळावर. जाताना सीट रिकामी नको. टायर खाईल."

"आणि येताना?"

"येताना ती आहे ना! तुम्ही सामान घेऊन टॅक्सीने या."

म्हणजे मी जाताना गोणी आणि येताना हमाल! पण खरं सांगते, मला त्या दिवशी कुणी हत्तीवरून मिरवलं असतं तरी इतका आनंद झाला नसता. काकांनी कोट घातला होता, केसांना तेल लावलं होतं, आणि वाटभर सारखे आरशात बघत होते. मागची गाडी बघायला नव्हे.

काकू बाहेर आली. दोन ट्रंका, एक ब्लँकेट, आणि अंगावर मोठ्ठा सैलसर कोट. काकांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आता काय बोलावं ते न सुचून माझ्याकडे बोट दाखवलं. "ही आपली बाई. बावन्न किलो."

काकूने मला न्याहाळलं. मग हसून म्हणाली, "माझ्या जागेवर बसवलंत तरी बघूनच बसवलंत."

ती दोघं लाल गाडीत पुढे, मी ट्रंकांसकट टॅक्सीत मागे. हायवेला लागलो आणि मी बघते तर काय, गाडी उजवीकडे सरकतेय! काका आत घेताहेत, पुन्हा सरकतेय. पुन्हा आत. टॅक्सीवाला म्हणाला, "ये लाल गाडीवाला सुबह सुबह पी के निकला है क्या?" नवी जोडी, नवी अलाइनमेंट, काल संध्याकाळीसुद्धा दोरा लावून बघितलेली. मशीन चुकलं की दोरा चुकला? टायर गेले का? काका आता डोकं आपटून घेणार, काकूच्या पहिल्याच दिवशी घरात मयताची कळा येणार, असे काय काय विचार करत मी वटारला पोचले.

अंगणात ही गर्दी. शेजारणी काकूला ओवाळताहेत, कुणी मैद्याचे गोड फुगे तळलेत, कुणी केक आणलाय. सगळ्या म्हणताहेत, "काय गो रेजिन, अगदी तशीच आहेस!" आणि काकू म्हणतेय, "मला काय झालंय? भरपूर खाते, मस्त आहे." काका गाडीपाशी एकटेच उकिडवे बसले होते. उजव्या टायरवर हात होता.

मी धावत गेले. "काका, अलाइनमेंट गेली?"

"गाडी बरोबर आहे, बाई."

"अहो, मी मागून बघत होते! उजवीकडे ओढत होती. डावी बाजू..."

"गाडी बरोबर आहे," ते पुन्हा म्हणाले. मग मान वर केली. एवढा उतरलेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. "रेजिन कमी झालीय. विमानतळाच्या बाहेरचं पहिलं वळण घेतलं, तिथेच हाताला कळलं. बावन्न कुठली, चाळीस तरी असेल की नाही. तो कोट घातलाय ना, तो काढू दे, मग बघा."

काकूने कोट काढला तेव्हा शेजारणींचं बोलणं आपोआप थांबलं.

नंतर हळूहळू तिने सांगितलं. वर्षानुवर्षं रात्रपाळ्या. खोलीवर यायचं तर एकटीसाठी कुठे चूल पेटवायची, म्हणून चहात पाव बुडवून खायचा आणि झोपायचं. आजार वगैरे काही नव्हता, डॉक्टरांनी तपासून सांगितलं. जेवायला समोर कुणी नव्हतं, एवढंच.

मी काकांना म्हटलं, "मग आता काकूंच्या वजनावर लावून घ्या गाडी. टायर वाचतील." काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी फळ्यावर बेरीज चुकले होते.

"गाडी का बदलायची? तिला बावन्नवर आणायची!"

आणि मग जी काही चंगळ सुरू झाली म्हणता! वाडीतली सगळ्यात गोड केळी सुकेळीसाठी वाळत पडली. कोंबडीचा रस्सा, नारळाच्या रसातलं कालवण, अंडी, तळलेले बोंबील. काका स्वतः चुलीपुढे बसायचे. ज्या हातांनी केसभर फरक मोजला ते हात भाजी मोजताना सैल सुटले. चमचा म्हटलं की डाव पडायचा. काकू ओरडायची, "पुढच्या नाताळाला कापायचा विचार आहे काय मला?" गावात येणाराजाणारा प्रत्येक जण काकूकडे बघून अंदाज बांधायचा. वखारवाला तर म्हणाला, "काटा रिकामाच आहे, आणा की काकूंना." काकांनी त्याला असं झापलं की तो आठवडाभर बोलला नाही. सगळ्या जगाला वजन विचारणाऱ्या माणसाने बायकोला मात्र एकदाही विचारलं नाही.

त्यांची वेगळी रीत होती. रविवारी मिस्सा झाला की ते काकूला घेऊन अर्नाळ्याच्या बाजूला जायचे. तिथे एक लांब सरळ पट्टा आहे. त्या पट्ट्यावर काका क्षणभर स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलायचे. काकू किंचाळायची. गाडी उजवीकडे सरकायची, काका पकडायचे, आणि किती सरकली त्यावर त्या दिवशीचा स्वयंपाक ठरायचा. जास्त सरकली तर कोंबडी. टायर खाल्ले जात होते ते मला दिसत होतं, त्यांनाही दिसतच असणार. शेवटची जोडी ती! पण काकांनी एकदासुद्धा वाकून आतला काठ बघितला नाही.

पाऊस येऊन गेला, गौरी-गणपती झाले. सप्टेंबरातला एक रविवार. मी अर्नाळ्याहून सायकलने परत येत होते. समोरून लाल गाडी आली. काकूची ओरड आधी ऐकू आली, "धरा हो ते! समोर बाई आहेत! धरा!" मी सायकल घेऊन जवळजवळ शेतातच उतरले. गाडी माझ्या बाजूने गेली तेव्हा बघितलं, काकांनी खिशातून रुमाल काढला होता आणि दोन्ही हातांनी डोळे पुसत होते. स्टिअरिंगला कुणाचाच हात नव्हता. गाडी सुतासारखी सरळ चालली होती.